देवाचा खाडा

"काहीच झाले नाही" हे जपानी भाषेतले अगदी सोपे वाक्य आहे. भाषेच्या वर्गात ते पहिल्या काही महिन्यांतच शिकवतात, आणि पुढे रोजच्या व्यवहारात ते इतक्या वेळा तोंडी येते की आपण काय बोलतो आहोत याकडे लक्षही राहत नाही. २०२४ च्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, सुवा या गावातल्या एका घरगुती र्योकानमध्ये, म्हणजे जुन्या जपानी पद्धतीच्या मुक्कामाच्या घरात, न्याहारीला बसले असताना मी ते वाक्य असेच बोलून गेले. पहाटेच्या थंडीत तळ्यावर जाऊन आले होते, बोटे अजून बधिर होती, आणि र्योकानच्या मालकीणबाई मिसोचे वाफाळते सूप समोर ठेवत विचारत होत्या की तळ्यावर कसे होते. "नानिमो नाकात्ता," मी म्हटले. काहीच नव्हते, काहीच झाले नाही. वाटी ठेवताना त्यांचा हात क्षणभर थबकला. मग वाटीवरचे झाकण काढून त्यांनी ते बाजूला उलटे ठेवले आणि पावसापाण्याविषयी बोलावे तसे सहज म्हणाल्या, "हो ना. यंदाही अके नो उमीच दिसते." मी मान डोलावली आणि सूप पिऊ लागले. त्यांनी माझे वाक्य दुरुस्त केले होते, हे परतीच्या गाडीत, सुवा मागे पडून तासभर झाल्यावर माझ्या लक्षात आले, आणि तेव्हापासून ते मला टोचत राहिले आहे.

तोक्योच्या शिंजुकु स्थानकातून आझुसा नावाची गाडी पकडली की दोन-सव्वादोन तासांत कामिसुवा येते. समुद्रसपाटीपासून ७५९ मीटर उंचीवर, डोंगरांच्या कड्यात ठेवलेल्या परातीसारखे हे तळे, आणि त्याच्या काठाने सुवा, शिमोसुवा आणि ओकाया अशी तीन गावे एकमेकांना खेटून बसलेली. सुवा हे कागदोपत्री शहर आहे, पण ५० हजारांच्या आतली वस्ती आणि रात्री आठनंतर पडणारी सामसूम पाहता त्याला शहर म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. तळ्याचा घेर साधारण १६ किलोमीटरांचा, म्हणजे पायी चालणाऱ्याला निवांत एका दिवसात प्रदक्षिणा घालता येईल एवढा. त्यात ३१ नद्या आणि ओढे येऊन मिळतात, आणि बाहेर मात्र एकच नदी पडते, तेन्र्यू. या गोष्टीचे मला उगाच बरे वाटले. एवढ्या जणांचे आत घ्यायचे आणि एकाच दाराने, हळूहळू, बाहेर सोडायचे, हे आमच्या घरात आजीला जमायचे. तळ्याची खोली मात्र अगदीच बेताची, सर्वांत खोल जागी सात मीटरच्या आसपास. उंचावरचे आणि उथळ पाणी असल्यामुळेच ते हिवाळ्यात गोठते. निदान गोठत असे.

मी गेले होते ते ओमिवातारी पाहायला. ज्यांच्या कानावर हा शब्द आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तळे काठापासून काठापर्यंत गोठले आणि त्यावर आणखी काही रात्री कडाक्याच्या, उणे दहा अंशांच्या घरातल्या गेल्या, की बर्फाची ती अखंड लादी रात्री आकसते आणि तडकते. तड्यात खालचे पाणी चढते आणि तेही गोठते. दिवसा ऊन लागले की लादी पुन्हा पसरू पाहते, पण आता तिला पसरायला जागा उरलेली नसते, म्हणून ती तड्याच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी रेटली जाऊन वर उचलली जाते. असे काही दिवस चालले की तळ्याच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे, वेडीवाकडी, कधी हातभर तर कधी कमरेइतक्या उंचीची बर्फाची एक वरंब उभी राहते. हे झाले पदार्थविज्ञान. सुवातली माणसे म्हणतात की दक्षिण काठावरच्या वरच्या देवळातला देव ताकेमिनाकाता रात्री तळे ओलांडून उत्तर काठावरच्या यासाकातोमे या आपल्या बायकोला भेटायला गेला, आणि ही त्याची वाट. ओमिवातारी म्हणजे देवाचे पार जाणे. पूर्वी देव चालून गेल्यावरच माणसे बर्फावर पाऊल टाकत. देवाला पेलले तर आपल्यालाही पेलेल, हा हिशेब मला फार व्यवहारी आणि म्हणूनच खरा वाटतो.

या येण्याजाण्याची लेखी नोंद १४४३ सालापासून आहे. आज ते काम यात्सुरुगी या देवळाकडे आहे. शोकान, म्हणजे लहान थंडी, सुरू होते तेव्हापासून रिश्शुन, म्हणजे वसंताचा आरंभ, येईपर्यंत, जानेवारीच्या सहा तारखेच्या आसपासपासून फेब्रुवारीच्या चार तारखेच्या आसपासपर्यंत, देवळाचे मुख्य पुजारी आणि गावातले काही मानकरी रोज पहाटे साडेसहाला तळ्याच्या काठी जमतात. हे दिवस आपल्या मकरसंक्रांतीसारखेच सूर्याच्या चालीवर ठरलेले असतात. मी पोहोचले तेव्हा दहाबारा माणसे आधीच उभी होती. डोक्यावर विणलेल्या टोप्या, हातांत विजेऱ्या, तोंडातून निघणारी वाफ. मनात मी काय काय कल्पना करून गेले होते, शंख, घंटा, निदान एखादा मंत्र. प्रत्यक्षात एका वयस्क गृहस्थांनी दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडला आणि सगळे गप्प राहिले. पाण्याच्या कडेला, वेळूच्या काड्यांमध्ये, दुधावरच्या सायीइतका पातळ बर्फ धरला होता, आणि त्यापलीकडे सगळे तळे उघडे, काळेभोर, किंचित हलणारे. तापमापक वर आला. विजेरीच्या उजेडात कोणीतरी आकडा वाचला, तो मला नीट ऐकू आला नाही. दुसऱ्या कोणीतरी तो वहीत उतरवला. लिहिणाऱ्याने हातमोजा दातांत धरून काढला होता, एवढेच मला स्वच्छ आठवते. मग पूर्वेचे आभाळ उजळले, माणसांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, आणि ती आपापल्या गाड्यांत बसून निघून गेली. सारा प्रकार वीस मिनिटांतही आटोपला. मी मोबाइल खिशात ठेवला. त्यात एकही छायाचित्र ठेवण्याजोगे आले नव्हते.

काहीच झाले नव्हते.

त्या दिवसाचे पुढचे तास मी गावात फिरून काढले, थोड्याशा रुसलेल्या मनाने. हंसाच्या आकाराच्या पायडल-बोटी काठाला बांधून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्या लांब मानांवर दव गोठले होते. ऑगस्टच्या १५ तारखेला याच पाण्यावर आतषबाजी होते. युद्धानंतर खचलेल्या गावाला उभारी यावी म्हणून १९४९ साली ती सुरू झाली आणि आता एका रात्रीत ४० हजारांच्या आसपास बाण उडतात. जानेवारीत त्या गर्दीची कल्पनाही करवत नाही. ताकाशिमाचा किल्ला पाहिला. तो एकेकाळी पाण्यातच उभा होता, आता तळे मागे हटले आहे आणि आजचा मनोरा १९७० सालचा आहे, त्यामुळे तिथे मी फार रेंगाळले नाही. हमरस्त्याच्या कडेला एका रांगेत साके गाळणाऱ्या पाच जुन्या पेढ्या आहेत, त्यांच्या दारांतून आंबूसगोड, भिजल्या तांदळाचा वास येत होता आणि मला इडलीच्या पिठाची आठवण झाली. एका उपाहारगृहाच्या भिंतीवर ओन्बाशिराचे मोठे चित्र होते. वाघाच्या आणि माकडाच्या वर्षी, म्हणजे दर सहा वर्षांनी, डोंगरातून सोळा अजस्र वृक्ष ओढत आणून इथल्या चार देवळांच्या चारही कोपऱ्यांवर उभे करण्याचा हा सोहळा. ते ओंडके उतारावरून खाली सोडतात तेव्हा त्यांवर माणसे बसलेली असतात, आणि त्यात जीवही गेले आहेत. २०२२ साली साथीमुळे गर्दी नको म्हणून डोंगरातला तो टप्पा माणसांनी ओढण्याऐवजी ट्रेलरवरून पार पाडला. देव वाट पाहू शकतो, पण वर्ष चुकवायचे नाही, असे काहीसे असावे.

या गावाचे माझ्या घराशी एक नाते आहे, ते मात्र मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते. सांगलीतल्या आमच्या बँकेत खिडकीपलीकडे एक ठोकळ्यासारखा यंत्रबंब असे, आणि त्यात आईचे पासबुक सरकवले की तो कर्रर्र कर्रर्र आवाज करत ओळीमागून ओळ छापत जाई. त्यावरचे एप्सन हे नाव मी अक्षरे जुळवून वाचायला शिकले त्या वयात वाचलेले आहे. त्या कंपनीचे मुख्यालय सुवात आहे. १९४२ साली इथल्या एका मिसोच्या जुन्या गोदामात घड्याळाचे भाग बनवण्याचा कारखाना निघाला, त्यातून हे सारे वाढले, आणि २५ डिसेंबर १९६९ रोजी बाजारात आलेले जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ याच गावात घडले. महिन्याला पाच सेकंदांपेक्षा अधिक चूक नाही, अशी त्याची ख्याती होती. आईला फोनवर हे सांगितले तेव्हा तिने "अगं बाई" एवढेच म्हटले आणि लगेच विचारले, की तिकडे शिंगाडे मिळतात का. तिला विचारायला कारण होते. आदल्या वर्षी मी तिला सांगितले होते की सुवाच्या तळ्यावर उन्हाळ्यात शिंगाड्याच्या वेली माजतात आणि त्या कापायला खास बोट लागते. कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात हे तळे सांडपाण्याने हिरवेगार, शेवाळलेले आणि दुर्गंधीचे झाले होते. मग गटारांची व्यवस्था झाली, पाणी निवळले, तळापर्यंत उजेड पोहोचला आणि शिंगाडा उगवला. आता तो इतका पसरतो की त्याच्याखालच्या पाण्यातला प्राणवायू कमी पडतो. स्वच्छतेचीही अशी एक किंमत असते. "एकादशीला पाठव की मग," आई म्हणाली होती.

दुपारी काताकुराकानमध्ये गेले. ही १९२८ सालची विटांच्या रंगाची, युरोपातून उचलून आणल्यासारखी दिसणारी इमारत म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचे सार्वजनिक स्नानगृह आहे. रेशमाच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेल्या काताकुरा घराण्याने ते गावातल्या लोकांसाठी बांधले. आतल्या संगमरवरी कुंडात बसता येत नाही, उभेच राहावे लागते, कारण ते एक मीटर दहा सेंटिमीटर खोल आहे, आणि तळाशी काळे गोटे पसरलेले आहेत. परक्या बायकांसमोर वस्त्रांशिवाय पाण्यात उतरण्याची सवय मला इतक्या वर्षांत झाली आहे असे मी सांगते, पण ते पूर्ण खरे नाही. पाणी छातीपर्यंत आले, तळव्यांखाली गोटे सरकले, रंगीत काचांतून आलेला उजेड वाफेत तरंगत होता, आणि हे सारे अतिशय सुखाचे आहे असे वाटत असतानाच शेजारच्या ओकायातल्या गिरण्या मला आठवू लागल्या. हिदाच्या डोंगराळ खेड्यांतून बारा-तेरा वर्षांच्या मुली नोमुगीची खिंड पायी ओलांडून तिथे कामाला येत, आणि वर्षअखेरीस त्याच बर्फातून घरी परतत. दिवसभर उकळत्या पाण्यातल्या कोशांमधून धागा उकलायचा, तेही बोटांनी. ज्या पाण्यात मी थंडी घालवत होते त्याच्या पायाखाली कुणाची तरी पोळलेली बोटे होती. तरीही मी बाहेर आले नाही. पाणी छान होते.

तिथेच एका आजींनी मला बोलते केले. तुम्ही कुठल्या, इतक्या थंडीत कशाला आलात, असे विचारून झाल्यावर त्या स्वतःच सांगू लागल्या. त्या लहान असताना तळे दर वर्षी गोठे. लाकडी गेता चपलांना खाली लोखंडी पाते बसवून मुले बर्फावर घसरत असत, त्यांच्या भावाचे पाते नवे होते आणि त्यांना त्याचे जुने मिळे, ही तक्रार त्यांच्या आवाजात अजून ताजी होती. आणि एखाद्या रात्री आवाज येई. कसला आवाज, मी विचारले. त्यांनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढले, थोडा विचार केला आणि मग घशातून, खोल, "गोऽऽऽ" असा एक ध्वनी काढला. पाण्यात उभ्या असलेल्या दोघीतिघी वळून पाहू लागल्या. "वडील आम्हांला झोपेतून उठवायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, ऐका, देव चालला आहे. आम्ही पांघरुणात तोंड घालायचो. भीती वाटायची, पण उद्या बर्फावर जायला मिळणार म्हणून आनंदही व्हायचा." त्यांच्या नातवंडांनी हा आवाज ऐकला आहे का, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. मी विचारले नाही. शेवटची ओमिवातारी २०१८ साली झाली होती, तीही पाच वर्षांनी.

अके नो उमी या शब्दांचा अर्थ मी गाडीत बसल्यावर मोबाइलवर शोधला. उमी म्हणजे समुद्र. डोंगरात राहणाऱ्या माणसांनी आपल्या सात मीटर खोल तळ्याला समुद्र म्हणावे, यात काही वावगे नाही, आपल्याकडेही मोठ्या तलावांना सागर म्हणतातच. अके म्हणजे उघडलेला. ज्या वर्षी तळे गोठत नाही किंवा गोठूनही वाट उमटत नाही, त्या वर्षाचे हे नाव आहे. हे केवळ वर्णन नाही, तो नोंदीतला शब्द आहे. वाट उमटली तर तिची दिशा पाहून, जुन्या वर्षांशी ताडून, पुढचे पीकपाणी कसे असेल ते सांगण्याची इथे परंपरा आहे. नाही उमटली तरी वही बंद होत नाही. अके नो उमी, असे लिहिले जाते आणि देवासमोर सांगितलेही जाते. २०१६ साली काही शास्त्रज्ञांनी या नोंदी आणि फिनलंड-स्वीडनच्या सीमेवरच्या तोर्ने नदीच्या १६९३ पासूनच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी मोजले तेव्हा असे दिसले की पहिल्या २५० वर्षांत सुवाचे तळे न गोठल्याची वर्षे अवघी तीन होती. १९५५ ते २००४ या ५० वर्षांत ती बारा झाली, आणि त्यापुढच्या केवळ दहा वर्षांत पाच. पुजाऱ्यांनी फक्त देव आला त्याच वर्षी लेखणी उचलली असती, तर हे मोजताच आले नसते. वर्षातून एकदा तरी विमानाने सांगलीला जाऊन येणारी मी, या आकड्यांकडे फार वेळ पाहू शकले नाही. मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला आणि बाहेर पाहत राहिले.

मराठीत यासाठी शब्द आहे, हे तेव्हा सुचले. खाडा.

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर दिनदर्शिका लटकत असे आणि तिला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असे. गवळीमामांचा रतीब रोजचा दीड लिटरांचा. दूध आले की आई काही लिहीत नसे. नाही आले, की त्या तारखेच्या चौकोनात एक फुली मारी. धुणेभांड्यांच्या मावशींसाठी वेगळी खूण, एक छोटा गोल. महिन्याच्या शेवटी गवळीमामा उंबऱ्याशी उकिडवे बसत, आपल्या मळकट वहीत पाहून म्हणत, "वहिनी, दोन खाडे," आणि आई म्हणे, "तीन, अकरा तारखेचा विसरलात." लहानपणी मला हे फार चिक्कूपणाचे वाटे. दीड लिटर दुधासाठी एवढा वाद कशाला? बाबा गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या जुन्या दिनदर्शिका काढून टाकताना माझ्या हाती त्या वर्षीचे सप्टेंबरचे पान आले. त्यात ओळीने एकोणीस फुल्या होत्या. घराला कुलूप होते, आई मिरजेला इस्पितळात बाबांच्या उशाशी होती आणि मी विमानाचे तिकीट शोधत होते. म्हणजे त्या फुल्या रोजच्या रोज मारलेल्या असणे शक्यच नव्हते. तेरावा उरकल्यावर गवळीमामा हिशेबाला आले असतील, आणि मग तिने भिंतीपाशी उभे राहून, एकेका तारखेला थांबत, त्या भरल्या असतील. कोणत्या दिवशी काय झाले याची त्या महिन्याची आमच्या घरात दुसरी कुठलीही नोंद नाही. ते पान मी रद्दीत दिले नाही. कुठे ठेवले आहे, ते आईला सांगितलेले नाही.

मी सुवाला गेले त्या वर्षीही अके नो उमी जाहीर झाले, सलग सहाव्यांदा. बातमीत तेच काठावरचे दृश्य होते, त्याच टोप्या. मी आईला फोन केला. आता तिच्याकडे पिशवीचे दूध येते, तेही कधी चुकत नाही, त्यामुळे दिनदर्शिकेवर फक्त मावशींचे गोल उरले आहेत. मी तिला देवाची गोष्ट सांगितली, वरचे देऊळ, खालचे देऊळ, मधले तळे, साडेसहाची वही. "सहा खाडे?" आई म्हणाली. "मी आमच्या मावशींना दोनावर बोलून दाखवते." आम्ही दोघी हसलो. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती काही बोलली नाही, मला वाटले फोन ठेवून गेली.

"आणि तिला कसं कळतं गं?" तिने विचारले. "पलीकडच्या काठावरच्या देवीला. यंदा तो येणार नाही म्हणून?"

मी म्हटले की त्यासाठीच बहुधा ती माणसे रोज पहाटे जाऊन पाहतात आणि देवळात जाऊन तसे सांगतात. तिला नक्की काय सांगतात ते मला ठाऊक नव्हते, र्योकानच्या बाईंना विचारायला हवे होते.

"बरं," आई म्हणाली आणि गॅस बंद करायला उठली.